गुलाबी पाठीचं अस्तर

मलेशियातल्या आमच्या ताइपिंगमध्ये पडदे शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण माप घ्यायला आल्यावर आधी जमिनीवर गुडघे टेकणारी एकच. काक पुरा. नाव सपुरा, पण ताईला काक म्हणायचं आणि नाव अर्धं करायचं ही आमच्याकडची रीतच. दार उघडलं की ती सलाम करते, चपला काढते आणि मापाची टेप गळ्यात तशीच लोंबत ठेवून सरळ खिडकीखाली वाकते. जुना पडदा वर उचलते. बोटाच्या पेरानं भिंत ठकठक वाजवते. मग नाक लावून वास घेते.

घरमालकीण गोंधळते. "काक, माप तर वर घ्यायचंय ना?"

"वरचं दिसतंच गं. खालचं बघू दे."

"खाली काय आहे?"

"काही नसलं तर बरंच."

लोक हसतात. आमच्या गल्लीतल्या पोरी तर तिची नक्कलही करतात, गळ्यात दोरी अडकवून, नाक भिंतीला लावून, "हंऽ, इथे ओल आहे, इथे पाल आहे, इथे सासूबाई आहेत." काक पुरानं एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "गुडघा अजून खाली टेकव. तसं नाही दिसत."

पूर्वी ती अशी नव्हती. सव्वीस वर्षं ती वरचंच माप घेत होती.

ती सव्वीस वर्षं तिनं बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर काढली. एक खोली, एक मशीन, आणि एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. दिवसाढवळ्या ट्यूब लावल्याशिवाय निळा धागा कोणता आणि काळा कोणता हे कळायचं नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सपुराला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: मोठी खिडकी. तिच्या खाली लांबलचक टेबल. टेबलावर कापड पसरावं आणि उजेडानं स्वतः येऊन त्यावर बसावं. बस्स.

आणि माणूसही एकच होतं. नोरिदा.

शाळेत एका बाकावर बसायच्या दोघी. नोरिदाच्या लग्नात तिच्या खोलीचे पडदे शिवले, ते सपुराचं पहिलं काम. तेव्हापासून दर रमजानला नोरिदाच्या घरचे पडदे सपुराच शिवणार, हे ठरलेलं. नवीन पडद्यांशिवाय ईद म्हणजे केस न विंचरता वरातीत जाणं, असं आमच्याकडे समजतात. आदल्या वर्षीचे पडदे कितीही चांगले असोत, बदलायचेच.

नोरिदाचं बोलणं म्हणजे आटवलेल्या दुधाचा डबा. एकदा भोक पाडलं की धार तुटत नाही. "पुराऽऽ! अगं माझ्या सोन्याऽऽ! जेवलीस का? काय जेवलीस? नुसता भात? अगं मासा तरी तळायचास, हाडं निघालीत तुझी, थांब मी पाठवते काहीतरी, मिसबाह, पुराला काहीतरी पाठवायचं हं, आठवण कर." मिसबाह तिचा नवरा. पोस्टातून निवृत्त झालेला. तीस वर्षं शिक्के मारून त्याचं बोलणंही शिक्क्यासारखं झालं होतं. नोरिदा काहीही बोलली की मागून ठप्प: "बरोबर."

पाठवायची मात्र ती खरंच. आजारपणात पेज पाठवली, नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस माडीवर येऊन झोपली. म्हणूनच पुढचं सगळं झालं. अनोळखी माणसाकडून आपण घर घेताना दहा वेळा बघतो, ठोकतो, विचारतो. चाळीस दिवस आपल्या शेजारी झोपलेल्या बाईला काय विचारायचं?

गेल्याच्या गेल्या रमजानची गोष्ट. नोरिदाचा फोन आला. "पुरा, या वर्षी पडदे महालासारखे हवेत. जमिनीपर्यंत. लिहून घे मापं."

"मापं मी येऊन घेते की. नेहमी घेते."

"कशाला उन्हातून येतेस उपाशीपोटी? मी घेतली ना मापं! मिसबाहनं टेप धरली. हो ना गं मिसबाह?" गडबडीत नवऱ्यालाही ती गं म्हणायची.

"बरोबर," मागून आवाज.

"पण समोरच्या खोलीची खिडकी तर कमरेपासून वर," सपुरा म्हणाली. "जमिनीपर्यंत पडदा म्हणजे निम्मा नुसता भिंतीवरच लोंबणार."

"लोंबू दे. टीव्हीतल्या घरांत असंच लोंबतं. आणि अस्तर जाड घाल हं, अगदी रबरी. उजेडानं सोफा फिका पडतोय."

रबरी अस्तराचा एक तागा सपुराकडे नुकताच चुकून आला होता. मागवला राखाडी, आला राखाडीच, पण पाठ गुलाबी. डोळ्यांत खुपणारा, लहान पोरांच्या औषधासारखा गुलाबी. परत पाठवायचा कंटाळा म्हणून तो कोपऱ्यात पडून होता. तिनं नोरिदाला सांगितलं. नोरिदा हसली. "पाठ कोण बघतं गं? घाल तेच." सपुरानं अख्खा तागा तिच्याच पडद्यांना लावला. उरलेल्या हातभर रुंदीच्या पट्ट्याही नोरिदानं मागून नेल्या. "पुसायला होतील. रबर आहे ना, पाणी धरत नाही."

पाणी न धरणारं कापड पुसायला कसं होईल, हा प्रश्न सपुराच्या मनात आला होता. आला आणि गेला. ईदच्या आठ दिवस आधी पडदेवालीच्या डोक्यात असले प्रश्न टिकत नाहीत.

ईद झाली आणि महिन्याभरात नोरिदा डोळे पुसत माडीवर आली. मुलानं शाह आलम शहरात राहायला बोलावलंय, आता तिकडेच राहायचं, घर विकायचं. "बाहेरच्याला द्यायला माझा जीव होत नाही पुरा. दोन जणं विचारून गेली, मी नाही म्हटलं. त्या खिडकीत मला तूच दिसतेस. तुझं ते टेबल! बसेल बघ बरोब्बर."

"बरोबर," मिसबाह जिन्यातून म्हणाला.

सपुरा पाच वेळा घर बघायला गेली. पाचही वेळा सकाळी. नोरिदा नारळाच्या दुधातला भात करायची, वर तळलेली सुकट, अंडं, तिखट, आणि खाऊन होईपर्यंत दहा वाजायचे. भिंतींना नवा रंग होता. "तुझ्यासाठीच दिला गं." पडदे खाली सोडलेले होते, सोफ्यासाठी. सपुरानं आपल्याच हातच्या चुण्या कौतुकानं चाचपून पाहिल्या. जेवणाची वेळ जवळ आली की नोरिदाला काहीतरी काम निघायचं. दवाखाना. बँक. नणंद. आणि ताइपिंगमध्ये पाऊस पडतो तो दुपारी तीननंतर, हे इथल्या तान्ह्या पोरालाही माहीत आहे. बाजारातल्या कॉफीच्या दुकानात म्हातारे रोज पैजा लावतात त्या पाऊस येईल का यावर नव्हे, किती वाजून किती मिनिटांनी येईल यावर. हरणाऱ्यानं कॉफी पाजायची.

सपुरानं घर घेतलं. साठवलेलं सगळं त्यात गेलं, बाकी बँकेचं. नोरिदानं जाताना पडदे तसेच ठेवले. "तूच शिवलेस, तुलाच दिले. काढू नकोस हं, शोभा जाईल घराची." मिठी मारून दोघी इतक्या रडल्या की टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला.

तिसऱ्या आठवड्यात, माडीवरून सामान हलवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी साडेतीनला, टेबलाशी उभं राहून कापड बेतताना सपुराच्या पायाला गार लागलं.

आधी वाटलं मांजर. खाली पाहिलं तर पाणी. तिनं पडदा बाजूला केला. करताच आलं नाही, खालचं टोक गुडघाभर भिजून जड झालं होतं. खिडकीच्या कट्ट्यावरून पाण्याची पातळ, शिस्तशीर धार भिंतीवरून उतरत होती. नव्या रंगाला पोटं सुटली होती. खिडकीखाली उभे केलेले सहा तागे, सगळे गिऱ्हाइकांचे, वीतभर उंचीपर्यंत ओले. जांभळ्याचा रंग उतरून मोतिया कापडात गेला होता.

तिनं पहिला फोन नोरिदालाच केला. दुसरं कोण होतं?

"पाणीऽऽ? अगं बाई! आमच्या वेळी थेंब नाही गं आला! एक थेंब! मिसबाह, आला होता का रे थेंब?"

इथे "बरोबर" यायला हवं होतं. यावेळी नुसतीच शांतता आली. सपुराला वाटलं, लाइन खराब आहे.

"घराला नवं माणूस लागतं गं," नोरिदा म्हणाली. "सवय होईल त्याला. तू फरशी पुसतेस ना, जरा कमी पाणी घे."

सपुरानं खरंच कमी पाणी घेतलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि दुकानदारानं सांगितलं तशी चौकटीच्या चारही बाजूंनी, जिथे फट दिसेल तिथे, केकवर साखर लावावी तशी लावली. पुढच्या पावसात पाणी दुप्पट आलं.

दुसरा फोन.

"मला कळलं!" नोरिदा ओरडली. "तुझं मशीन! तुझ्या मशीनच्या धक्क्यानं चौकट हलली असणार. आमच्याकडे कुठे मशीन होतं? दिवसभर धडधड धडधड, बिचाऱ्या खिडकीनं काय करावं?"

हे ऐकून सपुराला स्वतःचीच लाज वाटली. ज्या खिडकीसाठी घर घेतलं, तीच आपण मोडली. तिनं मशीन ओढत मागच्या खोलीत नेलं. टेबलही नेलं. मागच्या खोलीला खिडकी होती ती शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. दिवसा ट्यूब लावून ती पुन्हा निळा-काळा धागा चाचपत बसली, अगदी माडीवरच्यासारखी. समोरच्या मोठ्या खिडकीखाली आता बादल्या होत्या. महिनाभर.

शेवटी मशीनचा पट्टा तुटला. तो आणायला ती बाजारात गेली आणि पाऊस लागला म्हणून कॉफीच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिली. आत म्हातारे घड्याळं काढून बसले होते.

"तीन बावीस! मी म्हटलं होतं तीन वीस! दोन मिनिटांची चूक म्हणजे चूक नाही!"

"थेंब पडला तीन बावीसला. पाऊस तीन पंचविसाला. कॉफी काढ, फूंग."

फूंग म्हणजे अंकल फूंग, ॲल्युमिनियमच्या खिडक्यावाला. सत्तरीचा. एक दात सोन्याचा, आणि प्रत्येक वाक्याआधी तो त्या दातातून हवा ओढायचा, जणू वाक्य आधी चाखून बघतोय. सपुरानं त्याला सहज आपलं दुखणं सांगितलं.

"स्स्... पाणी कधी येतं? पाऊस आला की लगेच?"

"नाही. वीसेक मिनिटांनी."

"स्स्... वारा लागतो का?"

"नसला तरी येतं."

"पाऊस थांबला की थांबतं?"

"अर्धा तास तरी येत राहतं."

अंकल फूंगनं कप खाली ठेवला. "मग काक, तुझ्या खिडकीत पाणी शिरत नाहीये. तुंबतंय. शिरतं ते सगळ्यांच्याच खिडकीत. तुझी खिडकी पिते पण मुतत नाही. अशा माणसाचं काय होतं? सुजतो. आणि मग एक दिवस भलतीकडूनच गळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटरवरून आला. सोबत बागेचा पाइप, कटर, एक लांब खिळा आणि छोटं ड्रिल. सपुराला खिडकीच्या आत उभं केलं आणि स्वतः बाहेर.

"मी खालून वर येणार. घाई नाही करायची. लोक वरून पाणी ओततात, मग सगळीकडूनच गळतं आणि डॉक्टर गोंधळतो. आधी पाय तपासायचे, डोकं शेवटी. आलं की ओरड."

तो चौकटीच्या खालच्या भिंतीवर दहा मिनिटं पाणी मारत राहिला. "आलं?" "नाही." उजव्या कोपऱ्यावर दहा मिनिटं. "आलं?" "थोडी ओल. कोपऱ्यात." डाव्या कोपऱ्यावर. "ओल." मग पाइप काचेवर धरला, अगदी हळू, जसा पाऊस. काचेवरून पाणी सरकत्या झडपेच्या खालच्या खाचेत उतरायला लागलं. सपुरा वाकून बघत होती. खाच भरली. अर्धी, पाऊण, काठोकाठ. मग आतल्या काठावरून पहिली धार खाली आली.

"आलं! अंकल, आलं!"

"स्स्... आता बाहेर ये."

बाहेर येऊन त्यानं तिला चौकटीची खालची पट्टी दाखवली. "इथे दोन लांबट भोकं असतात. इथे आणि इथे. खाचेतलं पाणी त्यातून बाहेर पडतं. खिडकी बनवणारा मूर्ख नसतो काक, तो ठेवतोच. तुझी कुठे आहेत?"

तिथे सलग पांढरी पट्टी होती. अंकल फूंगनं कटरनं खरवडलं. वरचं पांढरं सिलिकॉन नवं होतं, सपुरानंच लावलेलं, ते रबरासारखं निघून आलं. त्याच्याखाली जुनं, पिवळं पडलेलं, दगडासारखं. त्यानं खिळ्यानं तो खडा उचकटून तळहातावर घेतला. खड्यात बारीक काळे ठिपके.

"मुंग्या," तो म्हणाला. "मेलेल्या. बघ, ईदची बिस्किटं खायला रांगेनं येत होत्या, कोणीतरी भोक बुजवलं. अर्ध्या ताइपिंगनं हेच केलंय. तुमच्याकडे ईद, आमच्याकडे नवं वर्ष. बरण्या खिडकीत मांडतात, मुंग्या येतात, भोकं बुजवतात, आणि पावसाळ्यात मला बोलावतात. माझा धंदा मुंग्यांवर चालतो."

सपुराला ती ईद आठवली. पाचेक वर्षांपूर्वीची. नोरिदा हसत सांगत होती, मिसबाहनं मुंग्यांचा रस्ताच बंद केला म्हणून. तीही हसली होती. आत्ताही तिला हसूच आलं. केवढं हलकं वाटलं तिला! नोरिदाला माहीतच नव्हतं. चूक झाली, मुंग्यांची चूक. बिचारी खरंच म्हणत होती, थेंब नाही आला.

"आता कोपरे," अंकल फूंग म्हणाला.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीवर पुट्टी लावलेली होती. त्यानं कटर घातला, तर तो मऊ कशात तरी रुतला. चिमट्यानं ओढलं. कापड यायला लागलं. वीतभर, हातभर, जादूगाराच्या टोपीतून यावं तसं. "वा! चांगलं कापड आहे. रबरी. पाणी धरत नाही. ज्यानं कोंबलं तो माणूस हुशार."

एक बाजू राखाडी होती. त्यानं ती उलटली.

गुलाबी. लहान पोरांच्या औषधासारखी.

सपुरानं ती पट्टी हातात घेतली. तिच्या कात्रीची कड होती, बारीक दातेरी. अख्ख्या ताइपिंगमध्ये या गुलाबी पाठीचं अस्तर एकाच घरात गेलं होतं, एकाच रमजानमध्ये. त्याच्या आधी तो तागा जगात कुठेही असेल, नोरिदाच्या घरात नव्हता.

"काय झालं? कापडाला काय बघतेस?"

"माझं आहे."

"तूच कोंबलंस?"

"मी शिवलं. कोंबलं दुसऱ्यानं."

अंकल फूंगनं एकदा पट्टीकडे, एकदा आतल्या जमिनीपर्यंतच्या पडद्यांकडे पाहिलं. दातातून हवा ओढली. तो खाली बघत म्हणाला, "मुंग्यांचं ठीक आहे. ते सगळेच करतात." आणि ड्रिल चालू केलं.

आणि मग सपुराच्या डोक्यात एकेक टाका उसवायला लागला. मापं फोनवर का दिली. पडदा जमिनीपर्यंत का. अस्तर रबरी का. सकाळचा भात. दवाखाना, बँक, नणंद. नवा रंग. तिच्याच हातानं शिवून घेतलं होतं नोरिदानं ते झाकण, तिच्याच डोळ्यांवर घालायला. आणि तिनं चुण्या किती निगुतीनं घातल्या होत्या!

काम चाळीस मिनिटांत संपलं. भोकं मोकळी केली, कोपरे साफ करून नव्यानं भरले, झडपेच्या कडेच्या ब्रशच्या पट्ट्या बदलल्या, आणि सपुरानं स्वतः लावलेली केकवरची साखर खरवडून काढली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. घर पडायला आलं असतं, चौकटच सडली असती, तर माणूस म्हणाला असता की बिचारी घाबरली असेल. दोन भोकं! एक खिळा आणि चाळीस मिनिटं! नोरिदानं नुसतं सांगितलं असतं, "पुरा, खिडकी गळते गं," तरी सपुरानं घर घेतलं असतं. हसत घेतलं असतं.

त्या दुपारी पाऊस आला. दोन भोकांतून पाणी बाहेर अंगणात पडत होतं, दोन बारीक धारा, मांजरं दूध पिताना येतो तसा आवाज करत. आत कट्टा कोरडा. सपुरानं पडदे काढले, घडी केली आणि कपाटाच्या तळाशी टाकले. मशीन पुढे आणलं, टेबल पुढे आणलं. उजेड येऊन टेबलावर बसला. तो किती छान आहे हे बघायला तिला दोन दिवस लागले.

नोरिदाला तिनं काही विचारलं नाही.

का नाही, हे तिला विचाराल तर ती सुईत धागा ओवायला लागते. पण खरं असं की तिला उत्तर नको होतं. उत्तर तिच्याकडे होतं, गुलाबी, हातभर लांबीचं, शिवणाच्या डब्यात. तिला हवं होतं की नोरिदानं आपणहून सांगावं. एकदाच. फोनवर, पत्रानं, रडत, हसत, कसंही. चाळीस दिवस शेजारी झोपलेली बाई एवढं तर करेल. तेवढं झालं तर पुढचं सगळं शिवता येण्यासारखं होतं. म्हणून ती वाट बघत राहिली.

रमजान आला. फोन येत राहिले.

"पुराऽऽ, खिडकी काय म्हणते?"

"दुरुस्त केली."

"बघ! म्हटलं नव्हतं? मशीन हलवलंस ना? झालं की नाही? कोणी केली दुरुस्ती?"

"अंकल फूंगनं."

"काय म्हणाला तो?"

"मुंग्या म्हणाला."

"मुंग्याऽऽ!" नोरिदा इतक्या जोरात हसली की सपुरानं फोन कानापासून लांब धरला. "मुंग्याच गं मेल्या! बरं, आवाज का बसलाय तुझा?"

"रोजे आहेत."

त्या रमजानला सपुरानं एकतीस घरांचे पडदे शिवले. स्वतःच्या खिडकीला एक चिंधीही नाही. ईदच्या सकाळी सगळ्या गल्लीत खिडक्या नटल्या होत्या, आणि पडदेवालीचीच खिडकी उघडी. शेजारणी कुजबुजल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काक, स्वतःचेच शिवायचे राहिले?" सपुरा म्हणाली, "माप सापडत नाहीये."

ईदच्या दुसऱ्या दिवशी नोरिदा आणि मिसबाह आले, शाह आलमहून, नव्या कपड्यांत. नोरिदा दारातूनच ओतायला लागली. "पुराऽऽ! किती वाळलीस! आणि हे काय, खिडकी नागडी? ईदच्या दिवशी? लोक काय म्हणतील? माझे पडदे कुठे गेले?"

"धुवायला काढलेत."

"ईदला? असू दे, असू दे. उजेड छान येतो गं तसा! मिसबाह, छान येतो ना उजेड?"

"बरोबर," मिसबाह म्हणाला, आणि खिडकीकडे पाठ करून बसला.

सपुरानं वाढलं. केळीच्या पानात बांधून दाबलेला घट्ट भात, नारळात आटवलेलं मटण, अननसाची बिस्किटं. बरणी तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. नोरिदानं आपली नवी चामड्याची पिशवी त्याच्याच खाली जमिनीवर टेकवली आणि खायला लागली. मुलगा, सून, सुनेचे चोचले, शाह आलमची कोथिंबीर, सगळं झालं. मग तिनं पिशवीतून चिठ्ठी काढली. "आणि हे बघ, मुलाच्या फ्लॅटच्या खिडक्यांची मापं. मीच घेतली. घाई नाही गं, पुढच्या महिन्यात दिलेस तरी चालेल."

सपुरानं चिठ्ठी घेतली, वाचली नाही. तीन वाजून गेले होते.

डोंगराकडून पहिला गडगडाट झाला. पाऊस अजून आलाही नव्हता. आणि नोरिदानं, तोंडातलं वाक्य न तोडता, सुनेच्या आईबद्दल काहीतरी सांगत सांगतच, डावा हात खाली नेऊन पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. उजव्या हातानं कट्ट्यावरची बरणी उचलून टेबलावर ठेवली. मग पायाजवळचा सारोंगचा काठ चिमटीत धरून वर घेतला. तिकडे मिसबाहनं खुर्ची मागे न बघताच दीड हात पुढे ओढली.

दोघं थांबले. नोरिदाची चिमूट तशीच हवेत राहिली.

पाऊस आला. काचेवरून उतरला, खाचेत गेला, आणि दोन भोकांतून बाहेर अंगणात पडायला लागला. कट्टा कोरडा होता. भिंत कोरडी होती. चौथं माणूस त्या खोलीत असतं तर त्याला यात काहीच दिसलं नसतं. नोरिदानं कट्ट्याकडे बघितलं. मिसबाहनं फरशीकडे. सपुरानं नोरिदाकडे.

"कोरडंच राहतं आता," सपुरा म्हणाली. "पाय खाली सोड."

नोरिदा हसली, मोठ्यांदा, आणि मध्येच थांबली. आटवलेल्या दुधाच्या डब्याचं भोक बंद व्हावं तशी धार तुटली. पावसाचा आवाज तेवढा राहिला. सपुरा थांबली. आता, तिला वाटलं. आता सांगेल. आत्ता नाही तर कधी? तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"गाडी लांब लावलीय," नोरिदा शेवटी म्हणाली. "निघायला हवं. मिसबाह, छत्री."

मिसबाह "बरोबर" म्हणाला नाही. तो उठला, खिडकीजवळ गेला, बोटानं कट्टा एकदा चाचपला, आणि छत्री घेऊन बाहेर गेला. तेवढं तरी त्यानं केलं.

दारात नोरिदानं रीतीप्रमाणे सपुराचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ईदला सगळेच म्हणतात ते म्हणाली: वर्षभरात बाहेरून-आतून, कळत-नकळत जे काही चुकलं असेल, त्याची माफी दे. डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, सपुराला ते ओळखता येत होतं. त्यामुळेच तिला जास्त लागलं.

"नोरिदा, ही माफी ईदची मागतेयस, की खिडकीची?"

मागे छत्रीवर पाऊस वाजत होता. "ईदला तर... सगळ्याचीच मागतात ना गं, पुरा."

"मग ईदची दिली."

तिनं हात सोडवून घेतले, डब्यातली ती पट्टी काढली, व्यवस्थित चौपदरी घडी केली, गुलाबी बाजू वर, आणि मापांच्या चिठ्ठीसकट नोरिदाच्या पिशवीत ठेवली. "तुझी राहिली होती माझ्याकडे."

नोरिदानं ती बघितली आणि पिशवीची चेन ओढली.

गाडी वळून गेल्यावर सपुरा आत आली, बरणी उचलली आणि पुन्हा कट्ट्यावर ठेवली. थोड्या वेळानं एक मुंगी भोकातून आत आली, मग दुसरी. तिनं बरणीखाली पाण्याची बशी सरकवली आणि त्यांना येऊ दिलं.